आमच्या देखत

द्वारकेचा चौक ज्यांनी पायी ओलांडला आहे त्यांना त्याचं वर्णन सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि खाली ट्रक, बस, रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या यांची दिवसभर झुंबड असते. धडधाकट माणूससुद्धा इथे क्षणभर थबकतो, चारदा डावी-उजवीकडे पाहतो आणि मग कुणाच्या तरी आडोशाने पलीकडे जातो. माझा मुलगा हा चौक एकटा ओलांडतो. या एका वाक्यामागे आमच्या घराचे चौदा महिने आहेत.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. हल्ली सगळे ‘ऑटिझम’ म्हणतात, तेच ते. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याला विचारलं तेव्हा तो ‘नको’ म्हणाला, आणि त्याच्या ‘नको’ला मान द्यायचा हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

स्वमग्नता म्हणजे काय हे सांगण्याआधी ती काय नाही ते सांगावं लागतं. हे वेड नव्हे, संसर्ग नव्हे, गेल्या जन्मीचं पाप नव्हे, आणि आईची माया कमी पडल्याचा परिणाम तर मुळीच नव्हे. हे शेवटचं मुद्दाम लिहिते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतले नामांकित तज्ज्ञसुद्धा ‘थंड’ आयांना दोष देत होते. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ती समजूत खोडून काढली. या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. बोलणं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणं, अचानक झालेला बदल पचवणं त्यांना जड जातं. आवाज, उजेड, स्पर्श यांचा मारा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. काहींना बुद्धीची अडचण असते, काहींना नसते. १९८८ सालच्या ‘रेन मॅन’ या इंग्रजी सिनेमापासून लोकांना वाटतं की असा प्रत्येक मुलगा आकडेमोडीत जादूगार असतो. पाहुणे अजून माझ्या मुलाला विचारतात, “२०४० सालच्या दिवाळीला कोणता वार?” त्याला ते येत नाही. त्याला नट-बोल्ट येतात. पण त्याकडे नंतर वळते.

या विषयाचा वैद्यकीय इतिहास बहुतेक जण १९४३ सालापासून मोजतात. त्या वर्षी लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. त्याला लहानपणी एका संस्थेत ठेवलं होतं, पण आईवडिलांनी वर्षभरात त्याला परत आणलं. पुढे काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड होतं. ते वेड मोडण्याच्या भरीला न पडता त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला लावली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत राही, म्हणून नांगर त्याच्या हाती देऊन नांगरता नांगरता ओळी मोजायला लावल्या. हा मुलगा कॉलेजात शिकला. गावातल्या बँकेत त्याने आयुष्यभर नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ साली नव्वदीच्या उंबरठ्यावर वारला. घरची सुबत्ता होती, बँक आजोळच्या माणसांची होती, हेही खरं. पण कॅनर यांनी १९७१ साली त्याच अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला तेव्हा मोठाल्या सरकारी संस्थांमध्ये टाकलेली मुलं खुरटून गेलेली त्यांना दिसली. म्हणजे दुखणं तेच, पण भोवतालची माणसं वेगळी, म्हणून आयुष्यं वेगळी.

आपल्याकडे मूल लहान असेपर्यंत निदान धावपळीला दिशा असते. डॉक्टर, वाचा-उपचार, विशेष शाळा, वार्षिक संमेलनातला नाच. खरी पोकळी अठराव्या वर्षी सुरू होते. शाळा संपते. बरोबरीची मुलं कॉलेजात जातात, नोकरीला लागतात, त्यांच्या लग्नाच्या पत्रिका येऊ लागतात. आणि आपला सहा फुटी मुलगा सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, “आज शाळा?” हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षं रोज आला.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्याशी झुंजणारी माणसंही नवी नाहीत. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ ही शाळा सुरू केली, ती स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने समोर उभ्या राहिलेल्या प्रश्नातूनच. मुलं मोठी झाली तशी संरक्षित कार्यशाळेचीही गरज उभी राहिली, आणि त्या संस्थेने तीही वाट चालून पाहिली. विद्याताई फडके यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींसाठी ‘घरकुल’ उभं केलं. ही कामं मुख्यतः बौद्धिक अपंगत्वाच्या क्षेत्रातली. पण आमच्यासारख्या घरांना धीर मिळाला तो याच माणसांकडे बघून.

कार्यशाळेचं मोल मी कमी लेखत नाही. पाकिटं, पणत्या, फाइली करता करता कितीतरी मुलांचे हात कामाला लागले, त्यांना दिवस मिळाला, मित्र मिळाले. पण तिथे सगळे आपलेच. बाहेरच्या जगाशी गाठ पडते ती दिवाळीच्या प्रदर्शनात. त्यामुळे गेल्या काही दशकांत जगभर दुसरी पद्धत रुजली: चारचौघांच्या कामाच्या जागी नोकरी, आणि सुरुवातीला शिकवणारा एक माणूस सोबतीला. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी २००४ साली अशी कंपनीच काढली, जिथे स्वमग्न माणसं सॉफ्टवेअरच्या चुका शोधतात. ‘सॅप’ या जर्मन कंपनीने २०१३ साली अशी भरती जाहीर केली, तिची सुरुवातीची चाचणी आपल्या बंगळुरूत झाली होती. मुंबईत जुहूला २०१८ साली ‘अर्पण’ हे कॅफे सुरू झालं, तेही अशाच तरुणांच्या हातांवर. आमच्याकडे ना सॉफ्टवेअर होतं ना कॅफे. आमच्याकडे होता द्वारकेचा चौक आणि त्याच्या आसपासची दुकानं.

नोकरीचं शिक्षण नोकरीपासून सुरू होत नाही, ते शर्टाच्या बटणापासून सुरू होतं. विशेष शिक्षिकेने आम्हाला एक युक्ती शिकवली: शेवटापासून सुरुवात करा. शर्टाची सगळी बटणं मी लावायची, शेवटचं त्याने. ते जमलं की शेवटची दोन त्याने. म्हणजे काम दरवेळी त्याच्या हातून पुरं होतं, आणि पुरं केल्याचा आनंद त्याचा असतो. सुरुवातीपासून शिकवलं तर पहिल्याच बटणाशी अडखळायला होतं आणि उरलेलं काम आई करून टाकते.

चहा करण्याचे आम्ही सतरा टप्पे पाडले आणि त्यांची चित्रं ओट्यामागच्या फरशीवर चिकटवली. आपल्याला वाटतं, चहा म्हणजे काय मोठंसं! पण गॅस पेटवणं, पातेलं मधोमध ठेवणं, उकळी म्हणजे नक्की काय हे ओळखणं, दूध वर येण्याआधी आच कमी करणं ही प्रत्येक वेगळी गोष्ट आहे. आपण न शिकता शिकलो म्हणून आपल्याला दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकेक चित्र काढत गेलो. आता एकच उरलंय, गॅस बंद करण्याचं. ते मीच ठेवलंय, माझ्या जिवाला शांतता म्हणून.

दुसरी अडचण अशी की एका जागी आलेलं दुसऱ्या जागी येतंच असं नाही. वाण्याकडे पैसे देऊन सुट्टे मोजून घ्यायला तो शिकला. औषधांच्या दुकानात मात्र नोट हातात धरून नुसता उभा. त्याच्या लेखी ते नवंच काम होतं. मग औषधांचं दुकान, पिठाची गिरणी, भाजीवाली मावशी, असं एकेक ठिकाण पुन्हा शिकवलं.

आणि चौक. शाळेत त्याला सिग्नल शिकवला होता: लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा. त्याला नियम उत्तम कळतात. आपल्या रस्त्यावर ते कुणी पाळत नाही, हे कळत नाही. हिरवा दिवा लागला की तो डोळे मिटल्यासारखा निघायचा, आणि लाल तोडून येणारा रिक्षावाला त्याच्यावरच ओरडायचा. शेवटी आम्ही नवा नियम केला: पलीकडे जाणारी तीन माणसं निघाली की त्यांच्याबरोबर निघायचं, त्यांच्या पुढे नाही. पहिले तीन महिने मी हात धरून. नंतर शेजारून. मग दोन पावलं मागून. मग दहा. मग मी अलीकडे उभी आणि तो पलीकडे. रस्त्याचं खोदकाम निघालं आणि नेहमीची वाट बंद झाली, तेव्हा दोन आठवडे मागे गेलो. त्याच्या खिशात एक कार्ड असतं. त्यावर पत्ता, आमचे फोन आणि एक वाक्य आहे: ‘मला बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा.’

पहिली नोकरी अकरा दिवस टिकली. एका लहान कारखान्यात खोकी भरायची होती. ट्यूबलाइटची सतत गुणगुण, रोज बदलणारा मुकादम, आणि ‘जरा हात चालव’ म्हणजे काय ते न कळणं. बाराव्या दिवशी तो कानावर हात ठेवून जिन्यात बसला. त्या लोकांनी मला फोन करून सांगितलं, “ताई, तुमचा मुलगा चांगला आहे, पण इथे नको.” ‘चांगला आहे, पण इथे नको’ हे वाक्य अशा आयांना पाठ असतं.

दुसरी नोकरी घराजवळ मिळाली. मोटारींच्या सुट्या भागांचं जुनं दुकान. मालकांना सगळे शेठ म्हणतात. दुकानात मागच्या बाजूला वर्षानुवर्षांचे मिसळलेले नट-बोल्ट पोत्यांत पडले होते. कुणालाच ते निवडायला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता. शेठ म्हणाले, “वहिनी, एक महिना बघू. नाही जमलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही.” पहिले पंधरा दिवस शिक्षिका त्याच्याबरोबर बसली. डावीकडे निवडायचे, उजवीकडे निवडलेले, मध्ये मापाचा तक्ता. पन्नास झाले की पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. चार डबे रिकामे झाले की पाणी प्यायची सुट्टी. कानाला आवाज कमी करणारे हेडफोन. महिन्याच्या शेवटी शेठनी मला बोलावून एक बोल्ट दाखवला. तो दिसायला बाकीच्यांसारखाच, पण आटे वेगळे. मुलाने तो बाजूला काढला होता. “आमच्या वीस वर्षांच्या माणसालाही हा हाताने कळला नसता,” ते म्हणाले.

दुकानही थोडं शिकलं. शेठना ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणायची सवय. सहावं मिनिट लागलं की मुलगा बेचैन, येरझाऱ्या सुरू. आता शेठ म्हणतात, “जेवण करून येतो.” एका नव्या पोऱ्याने गमतीत त्याला सांगितलं, “जा, शेठचा फोन बादलीत टाक.” तो निघाला होता, कारण सांगितलेलं करायचं असतं. दुसऱ्या नोकराने अडवलं. त्या दिवसापासून आम्ही घरी ‘नाही’ म्हणायचा सराव सुरू केला. आज्ञाधारक मुलाचं सगळे कौतुक करतात. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला कुणीही फसवू शकतं, पैशाने आणि शरीरानेही. वयात आलेल्या मुलामुलींच्या शिक्षणातला हा सर्वात महत्त्वाचा धडा, आणि तोच सर्वात उशिरा शिकवला जातो.

त्याला अर्ध्या दिवसाचे महिना साडेचार हजार रुपये मिळतात, त्या दुकानात अर्धा दिवस काम करणाऱ्या दुसऱ्या मुलाइतकेच. हे मी पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं. ‘वेळ जातो ना त्याचा, पैसे कशाला’ असं म्हणणारे भले लोक फार भेटतात. वेळ जायला घरी दूरदर्शन आहे. खातं उघडायला गेलो तेव्हा एका बँकेतल्या साहेबांनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, “तुमच्याच खात्यात भरा की.” दुसऱ्या बँकेत उघडलं. पासबुकावर त्याचं नाव आहे.

कायद्याची बाजूही वाचकांना माहीत असावी. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्यात प्रथम ती नावानिशी आली. अठरा वर्षांनंतर आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी असलेली स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशा गटांसाठी आहे. खाजगी क्षेत्रावर सक्ती नाही, प्रोत्साहनाची भाषा आहे. त्याच कायद्यात एक मोलाची कल्पना आहे: मर्यादित पालकत्व, म्हणजे माणसाच्या वतीने परस्पर निर्णय न घेता त्याच्याशी विचारविनिमय करून घेणं. कागदावर हे चांगलं आहे. पण चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र खिशात असून कुणी नट-बोल्ट निवडायला बोलावत नाही. त्याला शेठ लागतात.

दोन वर्षांपूर्वी यांना अँजिओप्लास्टी करावी लागली. रुग्णालयाच्या बाकावर बसले असताना माझ्या डोक्यात यांच्या हृदयाबरोबर दुसराच प्रश्न फिरत होता, जो अशा प्रत्येक घरात रात्री दिवे मालवल्यावर येतो: आमच्या माघारी याचं काय? मुलगी पुण्याला नोकरी करते. ती म्हणते, “आई, मी आहे ना.” ती आहेच. पण ती आहे म्हणून तिचं आख्खं आयुष्य आपण परस्पर लिहून ठेवायचं का? भावाला भेटायला तिने आनंदाने यावं, त्याला जेवू घालण्याच्या धास्तीने नाही. त्यासाठी जे करायचं ते आम्हीच करायला हवं, आणि आमच्या देखत करायला हवं.

म्हणून आम्ही मुद्दाम घराबाहेर जाऊ लागलो. आधी संध्याकाळचे दोन तास. मग एक रात्र सिन्नरला नातलगांकडे. शेजारच्या काकूंकडे किल्ली, पण त्यांनी बेल वाजवल्याशिवाय आत जायचं नाही असं ठरलेलं. पहिल्या रात्री मी झोपले नाही. तो झोपला. सकाळी त्याने चहा केला, शर्टाची बटणं लावली, दाराला कुलूप घातलं आणि कामावर गेला. कुलूप तीनदा ओढून पाहिलं, असं काकू म्हणाल्या. आता आम्ही तीन रात्री जातो. आपल्या माघारी काय होईल हे पाहायचं असेल तर आपण असतानाच माघारी जायला हवं, दुसरा उपाय मला सापडला नाही.

सगळ्यांचं असं होईल, असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा तिशीचा आहे, एक शब्द बोलत नाही. तो नोकरी करणार नाही. पण गेल्या वर्षापासून त्याच्यासमोर रोज सकाळी दोन शर्ट धरतात आणि तो एकावर बोट ठेवतो. तिशीपर्यंत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्या घरात स्वावलंबनाची सुरुवात त्या बोटापासून झाली आहे. कुणाचं माप बटण, कुणाचं पगार; पण माप शून्य असलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

आणि हे मुलाने एकट्याने करायचं काम नव्हे. सुटे मोजायला वेळ देणारी भाजीवाली मावशी, ‘जेवण करून येतो’ म्हणायला शिकलेले शेठ, थांबा आल्यावर त्याच्या नजरेला नजर न भिडवता नुसतं ‘द्वारका’ म्हणणारा कंडक्टर, यांच्यावाचून माझी चौदा महिन्यांची मेहनत मातीत गेली असती. तुमच्या दुकानात, गोदामात, छापखान्यात, कचेरीत असं एखादं काम पडून असेल, जे करायला कुणाला धीर नाही. त्यासाठी एक महिना बघा. नाही जमलं तर आम्ही वाईट वाटून घेणार नाही. ती सवय आम्हाला आहे.

तेवढंही शक्य नसेल तर आणखी सोपी गोष्ट सांगते. कुणाच्या घरी, लग्नकार्यात, बसमध्ये असा तरुण भेटला की त्याला पाणी हवं का हे त्याच्या आईला विचारू नका. त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.